तळ्याचा सांडवा मोकळा हवा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाई मला म्हणाल्या, "यंदा तुम्ही बोला. पाककृती अन् भरतकाम दरवर्षी होतं. यंदा तळ्यावर बोला." मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. धरण बांधणे हे इंजिनेरांचे काम, हे मला कळते. पण ज्या तळ्याच्या पायथ्याशी आपली वस्ती आहे आणि ज्याच्या पाळूवरून आपण रोज शेतात जातो, त्याची थोडी माहिती आपणांस असावी, एवढ्यासाठी मी उभी आहे. माझा मुद्दा एकच आहे, तो आधीच सांगते. मातीच्या भरावाच्या माथ्यावरून पाणी कधी जाऊ नये. ते जाऊ नये म्हणून बाजूला जी वाट ठेवलेली असते, तिला सांडवा म्हणतात. तो सांडवा कोणीही, कशासाठीही अडवू नये.

वस्तीच्या वरच्या अंगाला ओढ्यावर जे तळे आहे, ते सरकारी नाही, खाजगी आहे. आताच्या धन्यांच्या वडिलांनी ते आपल्या रानात, विहिरीला पाझर लागावा म्हणून बांधले. भराव फार मोठा नाही, दोन पुरुष उंच असेल. गेल्या काही वर्षांत धन्यांनी तेथे पाहुण्यांची सोय केली. हुरड्याच्या दिवसांत सोलापूर-पुण्याकडची मंडळी येतात, नावेत बसतात, मुले बदकांना दाणे टाकतात. यात वाईट काही नाही. तेथे भाकरी थापायला आपल्याच बायका जातात आणि त्यांना रोज मिळतो. आपल्या मंडळाचे पापड आणि शेंगाची चटणी सर्वांत जास्त तेथेच खपते. तेव्हा मी त्या तळ्याची वैरीण म्हणून बोलत नाही, हे कृपा करून ध्यानात घ्यावे.

पाण्याची हौस आपल्या जिल्ह्याला नवी नाही. नळदुर्गचा किल्ला आपण सर्वांनी पाहिला आहे. दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाच्या काळात, सतराव्या शतकाच्या आरंभी, तेथे बोरी नदीला बांध घालून त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल बांधला. बाहेर पाण्याचा लोट कोसळतो आणि आत माणूस कोरडा बसतो. पावसाळ्यात बांध भरून वाहू लागला की नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात, आणि ते पाहायला आजही गर्दी होते. तेव्हा कोणी म्हणेल, "नळदुर्गाला चारशे वर्षे पाणी डोक्यावरून जाते, तरी काही होत नाही. मग आपल्याच तळ्याची एवढी काळजी कशाला?"

भगिनींनो, फरक येथेच आहे. नळदुर्गचा बांध दगडाचा आहे. दगडावरून पाणी गेले तर दगड धुतला जातो. मातीवरून पाणी गेले तर मातीच जाते.

मातीचा भराव कसा असतो, हे मला माझ्या सासूबाईंनी सांगितले. १९७२ च्या दुष्काळात त्या नव्या नवरी होत्या. हातची मेंदी उतरली नव्हती, तोच त्यांनी पाझर तलावाच्या कामावर डोक्यावर पाट्या वाहिल्या. मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी खाऊन त्या पिढीच्या बायकांनी गावोगावचे तलाव उभे केले. त्या सांगत, आधी पायात चर खणायचा, पार कठीण लागेपर्यंत. मग मधोमध काळ्या चिकण मातीचा गाभा. काळी माती पाणी धरते, म्हणून ती पोटात. पण उन्हात तिला भेगा पडतात, म्हणून तिच्यावर दोन्ही अंगांनी मुरमाचे पांघरूण. पाण्याच्या बाजूला दगड लावायचे, लाटेने माती झिजू नये म्हणून. आणि सगळे थराथराने करायचे. एक थर टाकायचा, पाणी मारायचे, दाबायचा, मग दुसरा थर. एकदम ढीग ओतून वरून थापटले, तर तो भराव नव्हे, तो उकिरडा.

आपण तेरच्या गोरोबाकाकांच्या मुलखातल्या. कच्चे मडके आणि पक्के मडके आपल्याला कोणी शिकवायला नको. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी वाजवून पाहिली, ती गोष्ट आपण कीर्तनात ऐकतो. ते थापटणे कशाचे, हे विचारले कोणी? मुक्ताबाईने. एवढे थोर संत बसले होते, पण प्रश्न विचारला तो लहान मुक्ताबाईने. तसा प्रश्न आपणही भरावाबद्दल विचारावा.

आता सांडवा. चुलीवर दूध ठेवले की आपण पातेले काठोकाठ भरत नाही, वर चार बोटे जागा ठेवतो. तलावाचेही तसेच आहे. पाणी कितीही भरले तरी ते भरावाच्या माथ्यापासून काही फूट खालीच राहावे, म्हणून एका कडेला, कठीण जमिनीत, माथ्यापेक्षा खोल अशी रुंद वाट कापतात. जास्तीचे पाणी तिकडून ओढ्याला जाते. ही वाट तुंबली तर पाणी चढत जाते आणि भरावाचा जो भाग सर्वांत खाली बसलेला असेल, तेथून पलीकडे उतरू लागते. पहिल्यांदा ते करंगळीएवढे असते. ते मागच्या उतारावर घळ पाडते. घळ खोल होते तसे पाणी वाढते, आणि पाणी वाढते तशी घळ वाढते. मग ते थांबवणे माणसाच्या हातात राहत नाही.

ही माझ्या मनची भीती नव्हे. माझ्या थोरल्या मुलीने मला एक हकीकत वाचून दाखवली, ती तुम्हांला सांगते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया नावाचा प्रांत आहे. तेथे साउथ फोर्क या ओढ्यावर सरकारने कालव्यासाठी मातीचे धरण बांधले होते. पुढे कालव्याची गरज संपली, धरण विकले गेले आणि हात बदलत बदलत १८७९ साली निघालेल्या श्रीमंतांच्या एका क्लबाकडे आले. पिट्सबर्गचे मोठमोठे कारखानदार त्याचे सभासद होते. उन्हाळ्यात यावे, नावा फिरवाव्या, मासे धरावे, एवढाच त्या तळ्याचा उपयोग. भरावाची उंची सुमारे ७२ फूट होती. माथ्यावरून दोन घोडागाड्या समोरासमोर जाव्यात म्हणून त्यांनी माथा थोडा उतरवून रुंद केला. तळाशी पाणी सोडण्याचे लोखंडी नळ होते, ते आधीच्या मालकाने काढून भंगारात विकले होते, ते पुन्हा बसवलेच नाहीत. आणि विकत आणून सोडलेले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळी लावली.

३१ मे १८८९ रोजी मोठा पाऊस झाला. जाळीत काटक्या-ओंडके अडकले. सकाळी माणसांनी ती साफ करायची आणि दुसरीकडून वाट खणायची फार धडपड केली. खाली तारा पाठवल्या. पण दरवर्षी "धरण फुटले" अशी आवई उठत असे, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. दुपारी धरण फुटले. सुमारे १४ मैल खाली जॉन्सटाउन नावाचे गाव होते. एकूण २२०९ माणसे गेली. क्लबाला कोणत्याही न्यायालयाने दोषी धरले नाही. गावाच्या मदतीला रेडक्रॉसची मंडळी घेऊन आली ती एक बाई, क्लारा बार्टन. तिचे वय तेव्हा ६७ होते, आणि ती सुमारे पाच महिने तेथे राबली. तिचे नाव मी आदराने घेते. पण भगिनींनो, पूर ओसरल्यावर मदत करण्यापेक्षा पूर येण्याआधी जाळी काढणे किती सोपे होते!

ही गोष्ट मुलीने वाचली तेव्हा माझे हात पिठात तसेच राहिले. कारण आपल्या वरच्या तळ्यातही हेच तीन बदल झाले होते. मासे राहावेत म्हणून सांडव्याला लोखंडी जाळी होती. होळीपर्यंत नावा चालाव्यात एवढे पाणी धरावे म्हणून सांडव्यात वाळूची पोती रचून तो दीड हात वर चढवला होता. आणि पाहुण्यांच्या मोटारी पाळूवरून नेल्यामुळे माथा मध्यभागी बसला होता. कोणी वाईट बुद्धीने केले असे नाही. प्रत्येक गोष्टीला आपापले कारण होते.

२०२५ च्या सप्टेंबरातला पाऊस कोणी विसरलेले नाही. भूम-परांडा भागात पुराने माणसांना घरांच्या छपरावर चढवले, जनावरे दावणीला मेली, रानातली माती खरवडून गेली. त्या दिवसांतल्या एका रात्री आपल्या वस्तीत काय झाले, ते येथल्या बहुतेकींना माहीत आहे. जाळीत उपटून आलेले सोयाबीन, बाभळीच्या फांद्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकल्या. वीज नव्हती. पाणी माथ्यापासून हातभर खाली राहिले होते. पुरुषमंडळी कमरेला दोर बांधून उतरली आणि कुऱ्हाडीने जाळीची चौकट तोडली. आपण बायकांनी म्हातारीकोतारी आणि लेकरे शाळेच्या माळावर नेली. दोन बाळंतिणी होत्या, त्यांना बाजेवर बसवून उचलले. भराव टिकला. देवीची कृपा म्हणा, कुऱ्हाडीची म्हणा. पण पुन्हा दर वेळी कृपेवर राहणे बरे नव्हे.

आठ दिवसांनी आपण पाच जणी धन्यांकडे गेलो. ते म्हणाले, "वहिनी, तळं माझं, रान माझं, भरावाला पैसा माझा. माशाचं बी विकत आणलेलं आहे. सांडवा उघडला तर ते ओढ्यात जाईल, त्याचं काय?"

मी म्हणाले, "भाऊ, तळं तुमचंच आहे. पण फुटलं तर पाणी तुमच्या बांधावर थांबणार आहे का? साठलं तोवर ते तुमचं, सुटलं की आमच्या उंबऱ्यातलं."

ते गप्प राहिले. मग ओसरीवरून त्यांच्या मातोश्री बोलल्या. त्यांनी मला विचारले, "तू त्या घरची सून ना ग? तुझ्या सासूनं अन् मी एकाच पाळूवर पाट्या टाकल्यात. आमचा मुकादम म्हणायचा, पोरींनो, पाण्याला जायला वाट ठेवा, नाहीतर ते आपली वाट काढतंय." आणि लेकाकडे वळून म्हणाल्या, "जाळी काढ. मासे गेले तर गेले."

दुसऱ्या दिवशी उरलेली जाळी निघाली. पुढच्या आठवड्यात पोती निघाली, याबद्दल धन्यांचे आपण येथे आभार मानले पाहिजेत. पण मध्यभागी बसलेला माथा अजून तसाच आहे. तो सांडव्याच्या मानाने किती उंच राहिला, हे कोणी मोजलेले नाही. "उन्हाळ्यात मुरूम टाकतो" असा शब्द त्यांनी दिला आहे. नुसता मुरूम ओतून भागणार नाही, थर देऊन दाबावा लागेल, हे आपण सांगितले आहे. शब्द पाळला जाईपर्यंत आपण आठवण देत राहायचे आहे.

कोणी विचारील, सरकार काय करते? २०२१ साली धरण सुरक्षेचा कायदा झाला. पण तो १५ मीटरहून उंच धरणांना आणि १० ते १५ मीटरमधल्या काही ठरावीक धरणांना लागू आहे. दोन पुरुषांचा भराव त्यात येत नाही. असे लहान भराव गावोगाव आहेत. म्हणून त्यांच्यावर शेजाऱ्यांचीच नजर हवी. गावात कोणाची नजर सर्वांत जास्त पडते? जी धुणे घेऊन जाते, शेळ्या वळते, सरपण आणते, तिची.

नजरेचे मोल केवढे असते, पाहा. १२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळचे पानशेत धरण फुटले. ते मातीचे होते आणि काम पुरते झाले नव्हते. आदल्या रात्री भराव खचतो आहे हे दिसले म्हणून लष्कराच्या जवानांनी रात्रभर पोती रचली. धरण वाचले नाही, पण ते अंधारात न फुटता सकाळी फुटले, आणि पाणी पुण्यात शिरले तेव्हा दिवस होता. त्या चार-सहा तासांनी कितीतरी जीव वाचवले. याउलट २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली. भरावातून गळती होते, असे गावकऱ्यांनी आधीच कळवले होते, हे त्या वेळी सगळीकडे छापून आले. पुढे खेकड्यांनी भराव पोखरला असे सांगितले गेले आणि लोक हसले. खेकडा, घूस भराव पोखरतात, यात हसण्यासारखे काही नाही. पण दिसलेली गळती ज्याने ऐकून सोडून दिली, त्याला खेकड्याआड लपता येत नाही.

आता आपण काय पाहायचे ते सांगते.

भरावाच्या मागच्या अंगाला, म्हणजे वस्तीकडच्या बाजूला, पायथ्याशी थोडी ओल असते. निवळ पाणी पाझरत असेल तर एकदम घाबरू नये, पण ती जागा लक्षात ठेवावी. पाझर वाढला किंवा पाणी गढूळ येऊ लागले, तर मात्र समजावे की ते आतली माती घेऊन येत आहे. चहाच्या रंगाचे पाणी दिसले की घरी जाऊन भाकरी टाकू नये, आधी सांगावे.

माथ्यावर लांबट भेग पडली, एखादी जागा बसली, आतल्या बाजूचे दगड घसरले, घुशीची बिळे किंवा वारूळ दिसले, तर सांगावे. भरावावर गवत असावे, ते माती धरते. पण बाभूळ-लिंब वाढू देऊ नये. झाड मरते, मूळ कुजते आणि त्या जागी पोकळ नळी राहते. रोपटे हाताएवढे असतानाच उपटावे. ते काम आपण सरपणाच्या निमित्ताने सहज करू शकतो. मोठे झालेले झाड मात्र विचारल्यावाचून मुळासकट उपटू नये. भरावाची माती सारवायला किंवा चुली घालायला खणून नेऊ नये. आपल्यातल्या काही जणी नेतात, म्हणून बोलले. राग मानू नये.

आणि घाईने तळे रिकामेही करू नये. पाणी एकाएकी उतरले की आतली भिजलेली बाजू ढासळते. सोडायचे तर हळूहळू, जाणत्याला विचारून.

पाहिले, तर सांगायचे कोणाला? आधी धन्याला, त्याच दिवशी ग्रामपंचायतीत आणि तलाठ्याला, आणि तेही लेखी, तारीख घालून. पाऊस चालू असेल आणि धोका दिसत असेल, तर जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ हा क्रमांक आहे, ११२ हा क्रमांक आहे. आधी लेकरे माळावर न्यावी, मग फोनवर बोलावे. आवई ठरली तरी चालेल. फुकट चढलेला माळ कोणाचे काही नेत नाही.

माझ्या आपणांकडे तीन मागण्या आहेत. पहिली, मृग लागण्याआधी आणि पोळ्यानंतर, असे वर्षातून दोनदा मंडळाच्या बायकांनी मिळून पाळूवरून फेरी मारावी. दुसरी, पावसाळाभर सांडवा रोज कोण पाहील, याच्या पाळ्या आजच लावाव्यात. एकीचे नाव मी देते, ते माझे. तिसरी, माथा मोजून देण्यासाठी ग्रामपंचायतीकडे द्यायचा अर्ज चिटणीसबाईंनी लिहून आणला आहे. धन्यांनी स्वतः त्यावर सही केली आहे, हे सांगायला मला आनंद वाटतो. खाली तुमच्या सह्या हव्यात. ज्यांना सही येत नाही त्यांनी अंगठा द्यावा. अंगठाही पाणी अडवतो.

तळे राहावे, नावा फिराव्यात, पाहुणे यावेत, आपले पापड खपावेत. फक्त जास्तीच्या पाण्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यावे.

अर्ज दाराजवळच्या मेजावर ठेवला आहे. हळदीकुंकू घेऊन जाताना सही करून जावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.